टेलची खाट

मु. चारेवाडी, ता. शेवगाव
१० डिसेंबर २०२४

निकिता सिस्टर यांस,

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही पाकीट बाजूला ठेवाल. मी गहिनीनाथ पालवे. तुमच्या बायकांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाची लंकाबाई दहा दिवस होती, तिचा मालक. ज्याला तुम्ही दोनदा ओरडून सांगायच्या आणि तिसऱ्यांदा हाताने खूण करायच्या, तोच. मला ऐकू येत नाही म्हणून फोन माझ्या कामाचा नाही. कागदावरचं मात्र सगळं ऐकू येतं. शाळा सातवीपर्यंत झाली, तीही नापास. पण मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर एकतीस वर्षं चौकीदारी केली आणि पाण्याची पातळी रोज वहीत लिहिली, त्यामुळे अक्षर तुम्हाला लागेल.

विचारायचं असं की, घरी सोडताना तुम्ही जो कागद दिला त्यावर पांढऱ्या गोळीपुढे अर्धा चंद्र काढला आहे. मी त्याचा अर्थ अर्धी गोळी असा घेतला आणि चार दिवस सुरीने कापून अर्धी देत आहे. काल लंका म्हणाली, "आवो, चांद म्हंजी रात आसंल." तेव्हापासून तो कागद उलटसुलट करून बघतो आहे. चार अर्ध्या वाया गेल्या म्हणायच्या का? त्याने काही होईल का? काल दिवसभरात ती एकोणीस वेळा खोकली. परवा बावीस होतं. हे कमी धरायचं की तेवढंच?

तुमचे उपकार मी विसरणार नाही. खाटांवरच्या आणि खाली गाद्यांवरच्या मिळून त्रेचाळीस बायका, आणि तुम्ही एकट्या. तरी सकाळी लंकाला "आजी, रात्री झोप लागली का" असं विचारल्याशिवाय पुढे गेला नाहीत.

आणखी एक, सहजच. बारा नंबरच्या, खिडकीकडच्या शेवटच्या खाटेवरच्या चांगुणाबाई. त्यांना त्या दिवशी चार वाजता घाईने आयसीयूत नेलं. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. लंका विचारत असते.

सोबत तिकीट लावलेलं, पत्ता घातलेलं पाकीट ठेवलं आहे. तुम्हाला फक्त कागद आत घालायचा आहे.

आपला
गहिनीनाथ पालवे


नर्सेस क्वार्टर्स, नगर
१६ डिसेंबर २०२४

गहिनीनाथ बाबा,

नमस्कार. मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या नातीएवढी आहे.

चंद्र म्हणजे रात्र. गोळी पूर्ण द्यायची. चार दिवस अर्धी गेली म्हणून काही बिघडत नाही, आजीला सांगा काळजी करू नका. तुम्हीही करू नका, पण ते तुम्हाला जमणार नाही हे मला माहीत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी सूर्य आणि चंद्र काढते. अर्धा चंद्र पाहून कोणी गोळी कापेल हे सुचलंच नव्हतं. कालपासून मी पौर्णिमेचा काढते.

खोकला मोजत बसू नका. कफाचा रंग बघा, ताप बघा. वाफ दिवसातून दोनदा द्या.

चांगुणाबाई बऱ्या आहेत. चार दिवस आयसीयूत होत्या, मग घरी गेल्या. त्यांचं हृदय अशक्त, म्हणून सलाईन अगदी हळू द्यायची होती. ती भराभर गेली. छातीत पाणी झालं. थोडक्यात वाचल्या. सलाईनच्या नळीवरचं चाक मीच लावलेलं होतं, ड्यूटी माझी होती, त्यामुळे माझी चौकशी चालू आहे. हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. गावात कोणाला सांगू नका.

तुमचं पत्र चहाच्या वेळात वाचलं. पेशंट घरी गेल्यावर असं मागे वळून कोणी लिहीत नाही.

निकिता भांगरे


चारेवाडी
२१ डिसेंबर २०२४

चि. निकिता,

तू म्हणतेस म्हणून तू लिहितो.

चांगुणाबाई घरी गेल्या हे वाचून मी देवाला हात जोडले. पण चौकशीचं वाचल्यापासून जेवण जात नाही. ही चौकशी म्हणजे काय असतं? पोलीस येतात का? वॉर्डात त्या वेळी जे जे नातेवाईक बसले होते त्यांना बोलावतात का? आमचे पत्ते तुमच्या रजिस्टरात असतील. कोणी काही पाहिलं असं सांगितलं आहे का?

मला असं वाटतं की चाकच ढिलं असेल. लोखंडाचं गेटसुद्धा आपोआप सरकतं, मी पाहिलं आहे. कुकाण्याजवळच्या एका गेटचा दांडा झिजला होता. संध्याकाळी चार इंच उघडं ठेवून गेलो आणि सकाळी एक फूट. मग ते प्लास्टिकचं इवलंसं चाक का सरकणार नाही? तू खुलाशात असंच लिही. ढिलं होतं म्हणून लिही. गेली वस्तू कोण तपासणार आहे?

लंकाचा खोकला चौदावर आला आहे. मोजू नको म्हणालीस, पण कान नसलेल्या माणसाला तिचे खांदे हललेले दिसतात, त्याला मी काय करू.

उत्तर लवकर दे. तारीख टाकत जा, म्हणजे टपालात किती दिवस गेले ते कळतं.

गहिनीनाथ पालवे


नगर
१ जानेवारी २०२५

बाबा,

पोलीस नाही, काही नाही. कोणा नातेवाईकाला बोलावणार नाहीत. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. मेमो मला एकटीला आहे आणि खुलासाही मी एकटीनेच द्यायचा आहे. चाक ढिलं होतं असं मी लिहिलं नाही, कारण मला ते माहीत नाही. आणि खरं सांगू का, मला काहीच माहीत नाही. तोच त्रास आहे.

त्या दिवशीचं सांगते. आदल्या रात्री माझी ड्यूटी होती. सकाळची सिस्टर तापाने आजारी, म्हणून मेट्रन मॅडम म्हणाल्या, थांब. दुपारी दोनला वैशालीचं नाव चार्टवर होतं, ती येईल म्हणून मी वाट पाहत होते. वैशालीने महिन्यापूर्वीच काम सोडलंय, बाबा. चार्टवरून तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. माझ्यासुद्धा ते लक्षात आलं नाही, इतकं डोकं चालेनासं झालं होतं. आमच्या वॉर्डाला नऊ जणी मंजूर आहेत, आहोत चार.

बारा नंबरला मिनिटाला आठ थेंब लावायचे होते. मी आठच लावले असं मला आठवतं. पण रोज मी तीस बाटल्या लावते. आठवतं ते त्या दिवसाचं की आदल्या दिवसाचं, कसं सांगू? वीस तासांनंतर हात आपोआप चालतो. तो काय करतो ते डोक्याला कळवत नाही.

आता मी प्रत्येक बाटली तीनदा मोजते. पुढे जाते आणि परत येऊन मोजते. त्यात बाकीच्यांची इंजेक्शनं उशिरा होतात. परवा एका आजींना बेडपॅन द्यायला मला वेळ लागला आणि त्यांचं लुगडं खराब झालं. त्या माझ्याकडे बघून रडल्या नाहीत, भिंतीकडे बघून रडल्या. चूक होऊ नये म्हणून मी काम करते आणि त्यानेच कोणाचे तरी हाल होतात.

मी राजीनामा लिहून दिला आहे. ३१ जानेवारी शेवटचा दिवस. संगमनेरला मावशीकडे राहून दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटरचं काम मिळतंय. लिटर आणि फॅट भरायचं. आकडा चुकला तर माणूस मरत नाही. घरी, अकोले तालुक्यात, अजून सांगितलेलं नाही. वडिलांनी भाताचं खाचर मजुरांवर सोडून मला नर्सिंगच्या प्रवेशाला नाशिकला नेलं होतं.

एक गोष्ट खुलाशात लिहिली नाही, ती तुम्हाला सांगते. बाटली संपली की चाक खाली ओढून बंद करायचं, हे मी नातेवाइकांना शिकवते. तुम्हालाही शिकवलं होतं. आम्ही सगळ्याच शिकवतो, नाहीतर नळीत रक्त चढतं आणि आम्ही तोवर दुसऱ्या टोकाला असतो. पण ते कागदावर आलं तर म्हणतील, स्वतःचं काम लोकांवर टाकलं. म्हणून गप्प बसले.

आजीला नमस्कार.

निकिता


चारेवाडी
७ जानेवारी २०२५

चि. निकिता,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बसून वाच. ड्यूटीवर असशील तर घरी गेल्यावर वाच.

चाक मी उघडलं.

तीन वेळा हे वाक्य लिहून कागद फाडला. आता फाडत नाही. पुढचं सगळं जसं घडलं तसं सांगतो.

त्या दिवशी चार वाजायला चाळीसएक मिनिटं होती. दाराजवळ खाली गादीवरच्या बाईला फिट आली होती आणि तू तिच्याजवळ गुडघ्यावर बसली होतीस. लंकाची बाटली संपली. तू शिकवल्याप्रमाणे मी चाक खाली ओढून ती बंद केली. मग माझी नजर बारा नंबरकडे गेली. लंकाची संपली तरी चांगुणाबाईंची बाटली अर्धीसुद्धा उतरली नव्हती. त्या झोपल्या होत्या. त्यांचा मुलगा अजिनाथ औषध आणायला खाली गेला होता.

कालव्यावर आमचा नियम शेजपाळीचा. पाणी आधी टेलला द्यायचं, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेताला, आणि मग पाळी सरकत सरकत वर यायची. कागदावर असं. प्रत्यक्षात वरचे लोक पाणी ओढतात आणि टेलवाल्याच्या वाट्याला नुसती ओल येते. एकतीस वर्षं मी टेलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. "पालवे, आमी काय तुमच्या कागदावर शेती करायची व्हय?" असं म्हणत ती माणसं चौकीवर यायची. त्यांचं खरं असायचं आणि माझ्या हातात काही नसायचं. त्या दिवशी वॉर्डाची शेवटची खाट पाहून मला वाटलं, इथेही तेच चाललं आहे. सिस्टर एकटी, तिचं पाणी टेलपर्यंत पोहोचत नाही. आणि इथे तर चाक माझ्या हाताशी आहे.

मी घड्याळ लावून थेंब मोजले. मिनिटाला आठ. पुन्हा मोजले, आठ. मनात म्हटलं, आठ थेंबांनी काय भिजणार? आणि चाक वर केलं. धार लागली. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. टेलला पाणी पोहोचवलं असं वाटलं.

मग मी लंकाला मोसंबी सोलून देत बसलो. अर्ध्या तासाने पाहतो तर त्या बाई उठून बसलेल्या, तोंड उघडं, खांदे वर-खाली. ऐकू येत नाही मला, पण श्वास लागलेला दिसतो. मी हात हलवून तुला बोलावलं. तू धावत आलीस. आधी चाक बंद केलंस. आणि मग, निकिता, तू एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलंस.

ते मी पाहिलं आणि गप्प बसलो. तेव्हा वाटलं, सांगितलं तर लंकाला खाटेवरून उठवतील. नंतर वाटलं, त्या बाई मेल्या तर मला धरून नेतील. घरी आल्यावर वाटलं, पत्राने आधी त्या जिवंत आहेत का ते विचारावं. लंका कधीच विचारत नव्हती, विचारणारा मीच होतो. मग तू लिहिलंस की जिवंत आहेत, तरी सांगितलं नाही. उलट ढिल्या चाकाची थाप सुचवली. कुकाण्याच्या गेटचं मात्र खरं होतं.

तुझा हात चुकला नव्हता. आठच थेंब होते. दोनदा मोजले आहेत. पाणी मोजण्यात मी आयुष्यात चुकलो नाही, पाणी कोणाला किती लागतं हे कळण्यात चुकलो.

मी मोठ्या डॉक्टरांना लिहून देणार आहे. तू घाबरू नकोस. चाक तू शिकवलंस असं मी लिहिणार नाही. चाक कसं फिरवायचं हे मला शिकवावं लागतं का? जन्मभर तेच केलं.

राजीनामा परत घे. तुला काय वाटेल ते मला बोल, पण तो परत घे.

गहिनीनाथ


चारेवाडी
२० जानेवारी २०२५

चि. निकिता,

तेरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारतो. तो आता मला पाहून लांबूनच मान हलवतो. तू रागावली असशील. तो तुझा हक्क आहे. पत्र पोहोचलंच नसेल असंही वाटतं, म्हणून मुख्य गोष्ट पुन्हा लिहितो. चाक मी उघडलं होतं, तू आठ थेंब लावले होतेस.

लंकाला सांगितलं. मला वाटलं, ती कपाळ बडवेल. ती म्हणाली, "मला वाटलंच हुतं. त्या दिसापून तुमी घरातल्या नळाला बी हात लावंना झालाय." मग म्हणाली, "सिस्टरला लिवलं ते बरं केलं. पन जिचा जीव जात हुता तिला कधी सांगनार?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझ्याच काळजीत होतो.

दवाखान्यात अजिनाथने पाथर्डीजवळचं त्यांचं गाव सांगितलं होतं. तिथे एसटीने गेलो. लंकाही हट्टाने आली, कारण तिथे कोण काय बोलतं ते मला ऐकू येणार नव्हतं. चांगुणाबाई उन्हात बसून शेंगा फोडत होत्या. बारीक झाल्या आहेत, पण हात चालतो. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. अजिनाथचा चेहरा लाल झाला. तो जे बोलला ते लंकाने मला माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, एक शब्द न गाळता. "म्हातारबा, माझी माय गेली आस्ती तर तुमी आसंच एसटीत बसून आला आस्ता का सांगाया?" मी म्हणालो, आलो नसतो. तेवढं धाडस नव्हतं माझ्यात. त्यावर तो आत निघून गेला. चहा बाहेर आला, तो आला नाही.

चांगुणाबाई मात्र म्हणाल्या, "मीच म्हनलं हुतं तुमाला, भाऊ, वाढवा जरा म्हनून." निकिता, त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्या झोपलेल्या होत्या. मी तसं म्हणालो, तर त्या लंकाकडे वळल्या. "ह्यांना सांगा, आयकू येत न्हाई त्याला मी काय करू. मी म्हनले आन ह्यांना आयकू आलं न्हाई." लंका हसली. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "त्या लांब येनीच्या पोरीवर आलंय व्हय हे? तिनं माजी गुंता झालेली केसं सोडवून येनी घातली हुती. एवढ्या घाईत. सून बी घालीत न्हाई." आणि मोठ्या डॉक्टरांसाठी मी लिहून नेलेल्या कागदावर अंगठा देते म्हणाल्या. अजिनाथच स्टँप पॅड घेऊन बाहेर आला. आईचं बोट त्यानेच धरलं.

तो कागद काल रजिस्टर टपालाने तुमच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. त्यात लिहिलं आहे की, "चाक मी माझ्या बुद्धीने उघडले. उघडण्याआधी सिस्टरने लावलेले थेंब मोजले, ते बरोबर आठ होते. मला जी शिक्षा असेल ती द्यावी. एक विनंती की ज्या वॉर्डात त्रेचाळीस माणसे आहेत तिथे एका मुलीला वीस तास उभे करू नये. कालव्यावरसुद्धा आम्हाला आठ तासांनी सुट्टी होत असे, आणि आमच्याकडे फक्त पाणी होते."

एकतीस तारखेला अकरा दिवस उरले. रागावलीस तर रागावलीस, पण दोन ओळी टाक.

गहिनीनाथ


नगर
३ फेब्रुवारी २०२५

बाबा,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळालं तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसून वाचलं. वाचून झाल्यावर तुमचा इतका राग आला की मी ते ट्रंकेच्या तळाशी टाकलं. पाच आठवडे, बाबा. पाच आठवडे मी झोपेत थेंब मोजत होते आणि तुम्ही मला कुकाण्याच्या गेटच्या गोष्टी सांगत होता. उत्तर लिहायला बसले की वाईटच शब्द यायचे, म्हणून लिहिलं नाही.

पण रोज कामावरून आले की ते काढायचे आणि एकच ओळ वाचायचे. दोनदा मोजले, आठ. मला आठवत होतं ते खरं होतं. तुम्हाला कळणार नाही हे काय असतं. स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला की माणूस दाराची कडीसुद्धा चार वेळा बघतो.

तुमचा कागद आला तेव्हा राजेश्वरी मॅडमनी, आमच्या मेट्रननी, मला ऑफिसात बोलावून तो वाचून दाखवला. चांगुणाबाईंच्या अंगठ्यापर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढला. मी म्हणाले, "मॅडम, ह्यांनी एक गोष्ट लपवली आहे. चाक बंद करायला मी शिकवलं होतं. मला ते लिहून द्यायचंय." मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "कोऱ्या कागदावर लिही. आणि खाली जागा ठेव, मलाही दोन ओळी लिहायच्या आहेत. मी पंचवीस वर्षांपूर्वी तेच शिकवायचे."

कोणाला शिक्षा झाली नाही. तुम्हाला तर नाहीच. मला लेखी समज मिळाली, ती फाइलला राहील, ते बरोबरच आहे. प्रत्येक खाटेवर पाटी लागली, "नातेवाइकांनी सलाईनला हात लावू नये." पाटी आली, माणूस आलं नाही. मॅडमनी वर लिहिलंय, वैशालीची जागा भरा म्हणून. तोवर त्या स्वतः दुपारी दोन तास वॉर्डात येतात आणि सलाईन बघतात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी येतात. आणि चार्टवर आता जे माणूस खरंच आहे त्याचंच नाव असतं. नसेल तिथे लाल पेनने "रिकामे" असं लिहितात. पहिल्या दिवशी तो चार्ट इतका लाल दिसला की मोठे डॉक्टर थांबून बघत राहिले.

चांगुणाबाईंना मी फोन केला होता. त्या मलाही तेच म्हणाल्या, मीच वाढवायला सांगितलं होतं. मी बरं म्हणाले. तुम्हीही आता वाद घालू नका.

राग अजून थोडा आहे. खोटं कशाला सांगू. पण तुम्ही एसटीत बसून तिथे गेलात, हे मी वडिलांना सांगितलं. सगळंच सांगितलं. ते म्हणाले, म्हाताऱ्याला एकदा भाताच्या दिवसांत इकडं घेऊन ये.

आता राजीनाम्याचं. तुम्ही दोन पत्रांत तेच विचारलंय, तर त्याचं असं झालं की, तीस तारखेला मी मॅडमकडे गेले आणि


चारेवाडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. निकिता,

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटावरचा पत्ता दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात होता, वॉर्डातल्या मावशींनी पाकिटात घालून टाकलं असेल. आत शेवटचं वाक्य अर्धवट आहे आणि खाली सही नाही. मी लंकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढंच? म्होरलं पान हरवलं का काय?"

मी एरवी अशा वेळी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. पोस्टात गेलो असतो, पाकीट उलटंपालटं केलं असतं, रात्री उठून पुन्हा वाचलं असतं. पण मी वरची तारीख पाहिली. तीन फेब्रुवारी. तुझा शेवटचा दिवस म्हणून लिहिलेली एकतीस जानेवारी होऊन तीन दिवस झाले होते आणि तुला वाक्यातून उठवून कोणीतरी बोलावलं होतं. लंकाला म्हणालो, पान हरवलेलं नाही. तिला कुठल्यातरी खाटेवरून हाक आली.

ते वाक्य पुरं करून पाठवायची गरज नाही. यापुढे तुझं पत्र आलं नाही तर मी पोस्टमनला विचारणार नाही. तू कामावर आहेस असं समजेन.

तुझा
गहिनीनाथ बाबा